हातांना अहो-जाहो नसतं

हातातली पिशवी कधी खाली पडली ते तिला कळलंच नाही. दुपारचे साडेतीन वाजले होते, बस नेहमीसारखी बेपत्ता होती, आणि थांब्यासमोर, रस्त्यापलीकडे, पत्र्याच्या कुंपणाआड गेलं वर्षभर जी इमारत चढत होती तिच्या क्रेननं पाइपांची एक मोळी उचलली. इतकंच. शहरात रोज कुठे ना कुठे काहीतरी वर जात असतं आणि त्यासाठी कोणी मान वर करत नाही. पण हिची मान सव्वीस वर्षं वर बघण्यातच गेलेली. तिनं बघितलं: मोळीला एकच पट्टा, तोही मध्यावर, नुसता गळ्यात घातल्यासारखा, मोळीचं एक तोंड हळूहळू खाली झुकतंय, आणि क्रेनचा लांब दांडा कुंपणाच्या आत वळायचा सोडून बाहेर, फुटपाथवर येतोय. फुटपाथवर चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा लावून समोरची पाटी वाचून बघत होते. क्रेनला खुणा करायला नेमलेला माणूस पाठ फिरवून लॉरीवाल्याशी गप्पा मारत होता. तिनं विचार केला नाही. तिचे दोन्ही हात खांद्यातून बाजूला ताणले गेले, तळवे जमिनीकडे, आणि ती ते आडवे, जोरजोरात हलवू लागली. पिशवीतले बटाटे रस्त्यावर घरंगळत गेले. एका स्कूटरवाल्यानं वाकून तिच्याकडे बघितलं, वेडी आहे की काय अशा नजरेनं. थांब. आहे तिथंच थांब.

क्रेन थांबली.

मोळी फुटपाथपासून हातभर आत लोंबकळत राहिली. एक पाइप वीतभर बाहेर सरकला होता. मग कुंपणाचं दार उघडलं, पिवळी टोपी घातलेली दोन माणसं ओरडत बाहेर आली, खुणा करणारा धावत आला, वरून मोळी इंच इंच करत आत नेऊन खाली ठेवली गेली. काही पडलं नाही. कोणाला लागलं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांना तर पत्ताच नव्हता. ते चष्मा काढून परत दुकानात गेले. तिनं बटाटे गोळा केले. पिवळ्या टोपीतला एक जण तिला विचारत होता, "तुम्ही कोण? तुम्हाला कोणी सांगितलं मध्ये पडायला?" तिनं नाव सांगितलं, कुठं शिकवते तेही सांगितलं, आणि बस आली म्हणून बसमध्ये चढली. खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले हात जड झालेत. भीतीनं नव्हे. खूप दिवसांनी काहीतरी खरं बोलल्यावर जीभ जड होते ना, तसे ते हात झाले होते.

तिला 'सिग्नलबाई' म्हणत. कोणी म्हणायला सुरुवात केली देव जाणे, पण सतरा वर्षं वेगवेगळ्या कामांवर हेच नाव तिच्याआधी पोचायचं. बाईमाणूस खाली उभं राहून क्रेनला नाचवतं म्हणजे काय, ते बघायला सुरुवातीला लोक डबा खाता खाता यायचे. नंतर सवय झाली. गेली नऊ वर्षं ती प्रशिक्षण केंद्रात शिकवत होती. वजन कसं बांधायचं, पट्टा कुठे झिजतो, कडी उलटी लावली तर काय होतं, दोन पट्ट्यांमधला कोन फाकला की त्याच वजनाचा ताण दीडपट-दुप्पट कसा होतो. आणि खुणा. उचल, उतरव, हळू, वळ. ती पहिल्या दिवशी सांगायची, "क्रेनवाला एकाचंच ऐकतो. खाली दहा जण नाचत असले तरी एकाचंच. फक्त एक खूण अशी आहे की ती कोणीही करावी, आणि ती कोणाचीही असली तरी पाळावी. थांब. झाडूवाल्यानं केली तरी थांब. चहावाल्यानं केली तरी थांब." मग हसून म्हणायची, "तोंडानं आपण साहेबांना अहो म्हणतो आणि चहावाल्याला अरे. हातांना अहो-जाहो नसतं." पोरं हसायची. पोरं कसली, तिशी-पस्तिशीचे बापे असायचे, बाकावर गुडघे न मावणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या प्राचार्यांनी बोलावून घेतलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. वाईट माणसांशी तिचं सहसा जमायचं. काय ते तोंडावर होऊन जायचं. हा गृहस्थ प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करायचा, जणू वाक्याला वाट करून देतोय. त्यांच्यापुढे एक पत्र होतं. इमारतीच्या कंपनीकडून आलेलं. आपल्या संस्थेच्या प्रशिक्षिकेनं कोणताही अधिकार नसताना बाहेरून खूण करून काम अडीच तास बंद पाडलं. सोबत एक मजकूर टाइप करून दिला होता, तिनं फक्त सही करायची. तिनं वाचला. 'मला सदर खूण करण्याचा अधिकार नव्हता. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.'

"दोनच ओळी आहेत," प्राचार्य म्हणाले. "त्यांची पुढच्या महिन्यात चाळीस माणसं आपल्याकडे येणार आहेत. तुम्हीच शिकवणार आहात."

"काय शिकवू त्यांना?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी मी जे सांगते ते सांगू की हे सांगू?"

प्राचार्यांनी घसा साफ केला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या क्रेनवाल्याला त्यांनी खाली बसवलंय. अनोळखी बाईच्या हातावर काम थांबवलं म्हणून. सोमवारी चौकशी आहे. तुमची सही झाली की त्यांचं प्रकरण मिटतं."

"त्यांचं मिटतं. त्याचं?"

"तुम्ही विचार करा," प्राचार्य म्हणाले, आणि पत्र तिच्या हातात दिलं.

ती विचार करत चालली. खरं तर तिनं विचार केला नाही, चालली फक्त. बसनं जायचं अंतर ती पायी गेली, गॅरेजांच्या गल्लीतून, कापडाच्या गाठी उतरवत होते त्या गोदामांपुढून, आणि प्रत्येक ठिकाणी तिची नजर दोरांवर, हुकांवर, गाठींवर जात होती. क्रेनवाल्याचा चेहरा तिनं पाहिलाच नव्हता. केबिनच्या काचेवर ऊन चमकत होतं. त्या चमकेमागे कोणीतरी बसलं होतं आणि रस्त्यावरच्या एका बाईचे हात त्याला दिसले आणि त्यानं ऐकलं, इतकंच त्यांचं नातं. तिच्या नवऱ्याशीही तिचं नातं असंच सुरू झालेलं. तो वर केबिनमध्ये, ती खाली. सहा महिने ती त्याच्याशी फक्त हातांनी बोलत होती. उचल. हळू. अजून हळू. बस. असा नेमका माणूस तिनं पाहिला नव्हता. बोटभर म्हटलं की बोटभर. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो शिडीवरून उतरून आला आणि म्हणाला, "तुमचा डावा खांदा दुखतो का? उजव्याच हातानं सगळं करता," आणि तिचा हिरमोडच झाला, एवढ्या मोठ्या यंत्रातून इतका बारीक आवाज येईल असं वाटलं नव्हतं. पण खांदा खरोखर दुखत होता आणि ते घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लग्नानंतर घरी ती त्याला अहो म्हणायची आणि कामावर हातांनी अरे. दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस. तो आठवताना ती नेहमी एकाच ठिकाणापासून सुरू करायची आणि एकाच ठिकाणी पोचायची, रोजची वाट असावी तशी. लोखंडी चौकट उचलायची होती. पैलवान नावाचा वजनं बांधणारा रिगर, म्हणजे खराखुरा पैलवान नव्हे, चिपाडासारखा होता म्हणून पैलवान, चौकटीच्या पलीकडच्या कडीत पिन घालत होता. ती अलीकडे उभी, नवरा वर केबिनमध्ये. तिच्या शेजारी कामावरचे साहेब, घड्याळ बघत. साहेबांनी हात वर करून 'चला, चला' केलं. चौकट उचलली गेली, झोकांडी खाऊन पलीकडे गेली आणि पैलवानाचा पाय चौकट आणि भिंतीच्या मध्ये आला. गुडघ्याखालून गेला तो गेलाच. दवाखान्यात ती भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही काय करणार ताई," आणि तिला ते वाक्य माफीसारखं वाटलं होतं. चौकशी झाली. नवऱ्यानं एका कागदावर सही केली: 'खूण समजण्यात ऑपरेटरची चूक झाली.' साहेबांच्या हाताचा त्यात उल्लेख नव्हता. त्यानंतर तो केबिनमध्ये चढला नाही. एका गोदामात सामानाची नोंद ठेवू लागला. ती त्याला कधी काही बोलली नाही. पण अकरा वर्षं, त्याला ताट वाढताना, त्याचे शर्ट दोरीवर टाकताना, तिच्या मनात एक शब्द बारीक खड्यासारखा टोचत राहायचा: नमला. साहेबापुढे नमला. आणि वर्गात ती ही गोष्ट सांगायची, नाव न घेता. "खाली सिग्नलवाली होती. तिनं थांबची खूण केली होती. पण ऑपरेटरनं साहेबाचा हात बघितला."  गोष्ट चांगली होती.

तो घरी होता. आठवडी सुट्टी त्याला शुक्रवारी असायची. खिडकीजवळ बसून इस्त्रीची वायर बदलत होता, तोंडात स्क्रू. तिनं पत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं स्क्रू तोंडातून काढून बशीत ठेवले, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"सही करून टाक," तो म्हणाला.

हेच येणार हे तिला माहीत होतं, तरी ती उसळली. "तुम्हाला सोपं वाटतं सही करणं."

"सोपं नसतं."

"तुम्ही केली होती. मला नाही जमणार. तो माणूस माझ्या हातावर थांबला, आणि मी लिहून देऊ की ते हात खोटे? एकदा बघितलंय मी या घरात काय होतं ते. साहेब शेजारी उभा होता, त्याचा हात वर होता, सगळ्यांनी बघितला, आणि कागदावर नाव कोणाचं? आणि माझी खूण? मी हात उचलला होता, त्याचं काय झालं त्या कागदात?"

 त्यानं वायरचं टोक हातात घेतलं, तांब्याच्या बारीक तारा चिमटीत पिळल्या. खालून कोणीतरी कोणाला तरी पाण्याची मोटर बंद कर म्हणून हाका मारत होतं. मग तो तिच्याकडे न बघता, त्याच बारीक आवाजात म्हणाला, "तू हात उचलला नव्हतास."

"काय?"

"मी वरून नेहमी तुझेच हात बघायचो. दुसरं काही बघायचोच नाही. त्या दिवशी ते खाली होते. कमरेशी. तू साहेबाकडे बघत होतीस."

तिला हसू आल्यासारखं झालं. आठवणीतला तो हात तर इतका स्पष्ट होता: बाहीवरचा सिमेंटचा डाग, मनगटाशी घट्ट झालेली बांगडी. पण हात वर करतानाच्या त्या चित्रात ती स्वतःला समोरून बघत होती. समोरून! स्वतःला कोणी समोरून कसं बघेल? इतकी वर्षं हे लक्षात कसं आलं नाही? वर्गात सांगता सांगता, दर महिन्याला नव्या बाकांपुढे सांगता सांगता, तो हात आधी जरा हलला असेल, मग अर्धा वर आला असेल, मग कधीतरी पुरता. त्या चित्राखाली चाचपताना आता तिला खरं काय ते लागलं. पैलवानाचं डोकं अजून चौकटीमागे दिसत होतं. तिनं ते पाहिलं होतं. आणि साहेब होते. साहेब बाजूला असताना आपण कसं, या विचारात दोन सेकंद गेले. तीनही असतील. पाय जायला तेवढे पुरतात.

"मग तुम्ही..." ती त्याच्यासमोर बसली. "तुम्ही का उचललंत?"

"चुकलो. तुझा हात नव्हता म्हणजे मी उचलायला नको होतं. साहेबाचा हात दिसला आणि उचललं. ती माझी चूक खरीच आहे. त्या कागदात खोटं एवढंच की 'समजण्यात' लिहिलं. मला दोनदा विचारलं त्यांनी, सिग्नलवालीनं थांब केलं होतं का? नाही म्हटलं असतं तर दोघंही घरी. हो म्हटलं असतं तर खोटं. मग लिहिलं, समजण्यात."

"अकरा वर्षं बोलला नाहीत."

"तू वर्गात सांगतेस ते ऐकलं होतं एकदा. डबा द्यायला आलो होतो. छान सांगत होतीस." त्यानं स्क्रू उचलला, बारकाईनं बघितला. "मला वाटलं, एवढे जण शिकताहेत तर शिकू देत."

ती उठली, मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरून उभी राहिली. आरशात बघायचं तिनं टाळलं. राग येत होता, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. त्याच्यावर? त्यानं झाकलं म्हणून? की तिला झाकलेलं हवं होतं म्हणून? 'नमला' हा शब्द तिनं मनात उलटा करून बघितला. दोघंही नमले होते, आणि त्यातला एक जण निदान ते जाणून होता. हळूहळू रागाची बाजू बदलली. वाईट वाटून गळून जायला हवं होतं, तसं झालं नाही. उलट पायांत जोर आला. काल रस्त्यावर जे हात उठले ते अकरा वर्षं उशिरा का होईना उठले होते, आणि आता कोणी टाइप करून सांगत होतं की त्यांना अधिकार नव्हता. तिनं नळ बंद केला.

"सोमवारी तुम्ही येताय माझ्याबरोबर," ती बाहेर येऊन म्हणाली.

"कशाला?"

"नुसते बसा."

चौकशी त्या इमारतीच्या आवारातच, लोखंडी डब्यासारख्या कचेरीत होती. पंखा फिरत होता तो फक्त मॅनेजरच्या कागदांवर. मॅनेजर जेमतेम चाळिशीचा, चुणचुणीत, बोलताना पेनाचं टोपण काढ-घाल करणारा. कोपऱ्यात एक काळासावळा, रुंद माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता. हाच तो क्रेनवाला. त्याला बघून तिला बरं वाटलं. काचेमागच्या चमकेला एकदाचा चेहरा मिळाला. नवरा दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"सही आणलीत?" मॅनेजरनं विचारलं.

"नाही. दुसरं लिहून आणलंय." तिनं कागद पुढे केला. मोळी कशी बांधली होती, दांडा कुठे वळत होता, खाली कोण उभं होतं, खूण करणाऱ्याचं तोंड कुठे होतं. शेवटी एक ओळ: ही खूण मी केली, ती बरोबर होती, उद्या तसंच दिसलं तर पुन्हा करीन.

मॅनेजरनं वाचलं. "बाई, पण झालं काय? काही पडलं? कोणाला लागलं? काहीच झालं नाही."

"काहीच झालं नाही, त्यासाठीच तर केली."

"उद्या रस्त्यावरचा कोणीही हात हलवेल आणि आमची क्रेन थांबेल. असं चालतं का?"

"चालतं. तसाच नियम आहे. तुमच्या कुंपणावरच्या पाटीवर आठव्या नंबरला लिहिलाय. मी आत्ता येताना वाचला."

मॅनेजरनं टोपण घातलं आणि क्रेनवाल्याकडे वळला. "तू सांग. तुला माहीत होतं का या कोण आहेत?"

"नाही साहेब."

"मग?"

क्रेनवाला उभा राहिला. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा तो आधी टोपीकडे बघत राहिला. "साहेब, वरून माणूस कुठं दिसतो? हात दिसले. असे हात माहीत असलेलाच करतो. मी थांबलो."

"आणि समजा त्यांना काही कळत नसतं तर?"

"तर पाच मिनिटं गेली असती," क्रेनवाला म्हणाला.

स्टुलावरून नवरा एकदम खोकला. ती हसली असती, पण तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे. तुमचा कागद राहू द्या. पण मग आमची माणसं तुमच्या केंद्रात येणार नाहीत. तुमच्या प्राचार्यांना मी सांगतो. आणि याचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू."

"बघा," ती म्हणाली. "पण माझ्या कागदावर पोचल्याची सही द्या. एक प्रत मी सरकारी सुरक्षा कचेरीत देणार आहे. याला कामावरून काढलंत तर तेही त्यात लिहीन. आणि अजून एक लिहिणार आहे. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामावर मी हात उचलला नव्हता. साहेब शेजारी होते म्हणून. एक माणूस पायानं गेला."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तुम्हाला नाही कळायचा," ती म्हणाली, "पण यांना कळतो," आणि तिनं क्रेनवाल्याकडे बघितलं, मग दाराकडे. नवऱ्यानं मान खाली घातली नव्हती. तो तिच्याकडे बघत होता, वरून बघायचा तसा, नेमका.

पोचल्याची सही मिळायला पाऊण तास लागला. ती उभीच राहिली. बसा म्हणाले तरी बसली नाही. बाहेर पडताना क्रेनवाला मागोमाग आला, काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "बाई, तुमचा डावा हात जरा खाली राहतो." नवरा मोठ्यानं हसला. अशा आवाजात तो हसू शकतो हे ती विसरून गेली होती.

चार दिवसांनी क्रेनवाल्याचा निरोप आला की त्याला परत वर चढवलंय. लेखी ताकीद दिली, पण चढवलंय. कंपनीची चाळीस माणसं मात्र आली नाहीत. प्राचार्यांनी तिला पुन्हा बोलावलं. या वेळी घसा साफ करायला फार वेळ लागला. नवी तुकडी बारा जणांचीच आहे, ते म्हणाले. तुम्ही घ्या, पण तो थांबचा धडा जरा... बेतानं. वाद नकोत. आणि वर्गात बाहेरची प्रकरणं नकोत. मी मधून मधून येऊन बसेन. ती ऐकून घेऊन उठली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

पुढच्या सोमवारी बारा जण बाकांवर बसले होते. फळ्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या बाकावर तिनं नवऱ्याला बसवलं होतं. गोदामातून त्यानं सुट्टी काढली होती आणि धुतलेला शर्ट घालून तो पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. "हे ऑपरेटर," तिनं सांगितलं, "आणि माझे यजमान. आज पट्टे, कड्या काही नाही. आज आधी माझी चूक शिकवते." आणि तिनं सांगितलं. या वेळी नाव घेऊन. पैलवान कुठे होता, साहेब कुठे होते, आपले हात कुठे होते. ते कमरेशी धरून दाखवले. गोष्ट पूर्वीइतकी चांगली झाली नाही, मध्ये दोनदा अडखळली, एकदा नवऱ्यानं दुरुस्त केलं, "साहेब डाव्या बाजूला होते, उजव्या नाही." सांगून झाल्यावर ती थांबली.  मग मागच्या बाकावरच्या, दाढीचे खुंट वाढलेल्या एका रिगरनं विचारलं, "मॅडम, पण तुम्हाला सगळं दिसत होतं. येत होतं. मग हात का नाही उचलला?"

"साहेब होते म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. एवढंच असतं."

दारात चाहूल लागली. प्राचार्य उंबऱ्यावर उभे होते, एक हात कडीवर, आत यावं की जावं अशा पवित्र्यात. केव्हापासून उभे होते कोण जाणे. बारा माना तिकडे वळल्या. कोणीतरी उठून उभं राहू लागलं.

"बसा," ती वर्गाला म्हणाली. मग दाराकडे वळली. "सर, आता थांबची खूण घेणार आहे मी. पूर्ण. आत या, नाहीतर दार लावून घ्या."